दुसरी अंघोळ

हरेशराव,

रविवारी सईचा फोन आला. म्हणाली, "आजी, बाबा गेल्यावर त्यांच्या ऑफिसातल्या लोकांनी खूप काही लिहून पाठवलंय, पण त्यात नुसती विमानं आहेत. आईला विचारलं की तिला रडू येतं. तू लिही ना. आणि मराठीत लिही हं. नील अडखळतो, पण वाचतो." मी बरं म्हटलं. नेहमीच्या सवयीने वही घेतली, समास आखला आणि मुद्दे काढायला बसले. तुमचं शिक्षण, परदेशातली पहिली नोकरी, स्वतःची कंपनी. तीन मुद्दे लिहिले आणि तिन्ही खोडले. ती माहिती मुलांना कुठेही मिळेल. मला जे ठाऊक आहे आणि दुसरं कुणी सांगणार नाही, असं एकच आहे. ते तुम्हाला उद्देशून लिहिते, कारण मुलांना थेट सांगायचं धैर्य माझ्यात नाही. तुमच्या पाठीआड उभं राहून सांगता येईल असं वाटतं. तुमच्या हयातीतही मी हेच केलं.

मराठीत लिहायचं म्हणजे आपला एक जुना वाद तुम्ही जिंकलात. मुलांना मी कायम इंग्रजीत पत्रं पाठवायचे. तुम्ही फोनवर म्हणायचात, "आई, इंग्रजी त्यांना तिथला पोस्टमनसुद्धा शिकवेल. तुम्ही आपलं मराठीत लिहा." मी म्हणायचे, "माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, मला तेच सोपं जातं." ते खरं नव्हतं. इंग्रजी पत्र पाहून तुमच्या तिकडच्या शेजाऱ्यांना वाटावं की मुलांचं आजोळ शिकलेलं आहे, एवढाच हेतू होता. मुलांना दुसरीही एक आजी आहे, ती अंगठा उठवते, हे मनात कुठेतरी असायचंच.

तुम्ही काय करत होतात हे मला समजायला फार वर्षं लागली. आमच्या मेधाने तुमच्याशी लग्न ठरवलं तेव्हा तुम्ही विमानांच्या देखभालीचं शिक्षण घेऊन मुंबईत हँगरमध्ये नोकरीला होतात. नंतर आयर्लंडला गेलात, दुसऱ्यांच्या विमानांचे कागद तपासायची नोकरी केलीत, आणि आठ-नऊ वर्षांनी स्वतःची छोटी कंपनी काढलीत. जुनी विमानं घ्यायची आणि लहान लहान देशांतल्या विमान कंपन्यांना भाड्याने द्यायची. मी तुम्हाला विचारलं होतं, "विमान कंपन्यांची स्वतःची विमानं नसतात?" तुम्ही जेवणाच्या टेबलाशी बसून मला समजावलंत. "आई, आमच्या गावी, करंज्याला, बोट एकाची असते आणि समुद्रात जातात दुसरे. आलेल्या मासळीत एक वाटा जाणाऱ्यांचा, एक बोटीचा. बोटीचा वाटा तिच्या मालकाला. माझा बाप तेच करायचा, मी तेच करतोय. फक्त माझी बोट उडते."

किती सोपं करून सांगितलंत. आणि मी काय म्हणाले, आठवतं? "उद्या देशपांडे मंडळी यायची आहेत, त्यांच्यापुढे हे बोटीचं नका काढू."

तुम्ही हसलात. "नाही काढत. लीजिंग म्हणतो. लीजिंगला वास येत नाही."

मी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तुमच्या अशा बोलण्याला मी नेहमी तेच करायचे.

मुलांना हे सांगायला हवं की त्यांच्या आजीने त्यांच्या आईवडिलांच्या लग्नाला विरोध केला नाही. सगळ्या नात्यागोत्यात माझं कौतुक झालं. ब्राह्मणाच्या घरात कोळ्याचा जावई, आणि बाईने एका शब्दाने अडवलं नाही. मी फक्त लग्न रजिस्टर पद्धतीने करा म्हटलं. साधेपणा, अवाजवी हौस नको, असं बरंच बोलले. लोकांना ते पुरोगामी वाटलं. खरी गोष्ट अशी की तुमच्याकडची हळद, तो बँड, ती गाणी, नऊवारीतल्या त्या सगळ्या बायका आमच्या सोसायटीच्या आवारात मला नको होत्या. नंतर करंज्याला तुमच्या घरच्यांनी जेवण ठेवलं, तेव्हा माझे गुडघे दुखत होते. हे एकटेच गेले. मेधाचे बाबा तिथे मांडी घालून बसले, पोटभर भात आणि वालाचं बिरडं जेवले, आणि तुमच्या वडिलांबरोबर धक्क्यावर फिरूनही आले. संध्याकाळी खुशीत घरी आले तर मी दारातच त्यांना न्हाणीघराकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, "अगं, लग्नाच्या जेवणाहून आलोय, मयताहून नव्हे." पण गेले बिचारे अंघोळीला.

तिथून ते सुरू झालं.

तुम्ही दोघं वर्षा-दोन वर्षांनी यायचात. विमानतळावरून आधी करंज्याला आईकडे, दोन दिवस तिथे, मग पनवेलला आमच्याकडे. करंज्याहून निघालात की वाटेतून तुमचा फोन यायचा. "आई, जासईला ट्रेलरची रांग लागलीये, अर्धा तास उशीर होईल." त्या फोनबरोबर मी गिझरचं बटण दाबायचे. तुम्ही दारात याल तेव्हा बादली भरलेली असायची, स्टुलावर साबणाची नवी वडी आणि निळ्या काठाचा टॉवेल. तो टॉवेल तुमचा. तो मी वेगळा धुवायचे आणि कपाटात वेगळ्या खणात ठेवायचे, चिठ्ठी लावून. "या, हरेशराव. पाणी काढलंय," हे माझं पहिलं वाक्य. पाण्याचा पेला त्यानंतर.

शेजारच्या बाई म्हणाल्यासुद्धा, "जावयाची बडदास्त ठेवावी तर तुम्ही." मी हसले.

आम्ही शाकाहारी, म्हणून वास सहन होत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. ती किती खोटी होती याचा पुरावा माझ्याच घरात आहे. ह्यांचे एक वरिष्ठ कलकत्त्याचे होते. दोन्ही वेळा मासे खाणारा माणूस. ते आमच्याकडे किती तरी वेळा जेवायला आले. त्यांच्यासाठी मी कधी बादली भरली नाही. म्हणजे प्रश्न माशाचा नव्हता. सई, नील, याला जात म्हणतात. तुमच्या शाळेत हा शब्द धड्यात आला असेल. आमच्याकडे तो बादलीत असायचा.

ते साल कोणतं ते मी मुद्दाम लिहीत नाही, पण सई सात वर्षांची होती. मे महिना होता. तुम्ही चौघं करंज्याहून आलात. तुमचे केस ओले होते, भांग पाडलेला, अंगाला पावडरीचा वास, इस्त्रीचा पांढरा शर्ट. दारातच तुम्ही हसून म्हणालात, "आई, आज मी तिकडूनच अंघोळ करून निघालोय."

तुम्ही मला वाट मोकळी करून दिली होती. मी नुसतं "बरं, बसा" म्हणायला हवं होतं. पण वर्षानुवर्षांची सवय तोंडातून बाहेर पडली, "तरी पाणी काढलंय."

मेधाने माझ्याकडे पाहिलं. तुम्ही तिच्या दंडाला हात लावलात, टॉवेल उचललात आणि आत गेलात. आम्ही सगळे बाहेर बसलो होतो आणि आतून तांब्याचा आवाज येत होता. सईने खणखणीत आवाजात विचारलं, "आजी, बाबांनी दोनदा का अंघोळ केली?"

मी स्वयंपाकघरात गेले. मुलीच्या मुलीने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देता ओट्याशी उभी राहून आधीच चिरलेली कोथिंबीर पुन्हा चिरत बसले. तुम्ही बाहेर आलात तेव्हा तिने तोच प्रश्न तुम्हाला विचारला. तुम्ही डोकं पुसत म्हणालात, "कारण आजीकडचं पाणी एकदम मस्त गरम असतं. तुझ्या डब्लिनच्या शॉवरला येईल का ते?"

एवढं बोलून तुम्ही जेवायला बसलात आणि माझ्या आमटीची तारीफ केलीत.

त्यानंतरच्या खेपेपासून तुम्ही क्रम बदललात. आधी पनवेल, मग करंजा. तिथून परस्पर विमानतळ. कारण विचारलं तर म्हणालात, "मुलांना तेच सोयीचं पडतं." मला हायसं वाटलं. आज लिहितानाही हा शब्द लिहायला हात धजत नव्हता, पण तोच खरा आहे. मला हायसं वाटलं.

आणि तरी तुम्ही मला काही कमी दिलं नाहीत. हे वारले, मी निवृत्त झाले आणि मोकळेपण अंगावर यायला लागलं, तेव्हा एका खेपेला तुम्ही सहा खोकी कागद घेऊन आलात. एका जुन्या विमानाची जन्मापासूनची कागदपत्रं, सगळी विस्कटलेली. तुम्ही म्हणालात, "विमानाचा एखादा भाग कितीही चांगला असू दे, तो कुठून आला, कुणी बसवला, कुणी तपासला याचा कागद नसेल तर तो भंगार. माझ्या ऑफिसातली पोरं याला हात लावायला घाबरतात. आई, हे तुमचं काम आहे." मी चाळीस वर्षं ऑफिसात रेकॉर्ड सांभाळलेली बाई. पंधरा दिवस जमिनीवर चादरी अंथरून मी तारखेवार गठ्ठे लावले. चाकांच्या जोडणीचा एक कागद दुसऱ्याच वर्षाच्या गठ्ठ्यात घुसला होता, तो मला सापडला तेव्हा तुम्ही अक्षरशः उडी मारलीत. "आता हे विमान उडणार! आई, तुमच्यामुळे उडणार!" त्या विमानाचा फोटो तुम्ही चौकट करून पाठवलात. तो हॉलमध्ये आहे. आलेल्यांना मी अभिमानाने दाखवते. ज्या जावयाच्या व्यवसायाचा मला एवढा अभिमान, त्याचे वडील काय करत होते असं कुणी विचारलं, तर मी म्हणायचे, "त्यांचा शिपिंगचा व्यवसाय होता." एकदा तुम्ही शेजारच्या खुर्चीवर बसलेले असताना म्हटलं. तुम्ही चहाचा कप तोंडाला लावलात आणि खाली ठेवलाच नाहीत बराच वेळ.

टाळेबंदीच्या वर्षी तुमची सगळी विमानं जमिनीवर आली. मेधा मला रडत सांगायची की आता सगळं संपतंय. तुमचा मात्र रोज संध्याकाळी फोन. इंजिनांना कापडं बांधलेली, खिडक्या झाकलेल्या विमानांचे फोटो पाठवलेत आणि म्हणालात, "शाकारून ठेवलीत, आई. पावसाळ्यात आमच्या बोटी ठेवतात तशी. पावसाळा संपतोच. नारळी पुनव येईल." मग दर सोमवारी मी विचारायचे, "आली का पुनव?" आणि तुम्ही म्हणायचात, "अजून वारा आहे." ज्या दिवशी पहिलं विमान परत उडालं त्या दिवशी तुम्ही मला आधी फोन केलात. मी त्या दिवशी देवापुढे नारळ ठेवला. तुम्हाला सांगितलं नाही. तेही सांगायला मला कसली लाज वाटली कोण जाणे. लाज कुठे वाटायला हवी आणि कुठे नको, याचा माझा हिशेब जन्मभर उलटाच राहिला.

आपलं शेवटचं बोलणं नव्या विमानतळाविषयी झालं. आता आमच्या गच्चीवरून विमानं उतरताना दिसतात. तुम्ही म्हणालात, "पनवेल आणि करंजा यांच्या बरोब्बर मध्ये बांधलाय बघा. कुणीतरी माझ्या सोयीने जागा निवडली. माझं एक विमान तिथे उतरणारच कधीतरी. तेव्हा तुम्हाला आणि आयला शेजारी शेजारी उभं करून दाखवणार आहे. आणि मे महिन्यात मी येतोय. या वेळी तुम्हाला करंज्याला घेऊन जातो. आय फार म्हणते, विहीणबाई एकदा पण नाही आल्या."

मी म्हणाले, "बघू. गुडघे दुखतात."

"गाडी दारापर्यंत जाते, आई."

"बघू म्हटलं ना."

तुम्ही हसलात आणि फोन ठेवलात. त्यानंतर बारा दिवसांनी मेधाचा फोन आला. सकाळी ऑफिसला निघताना बुटाची नाडी बांधायला वाकलात आणि पुन्हा उठला नाहीत.

मुलांच्या परीक्षा होत्या म्हणून मेधा एकटीच अस्थी घेऊन आली. अस्थी करंज्याच्या समुद्रात, तुमच्या चुलतभावाच्या बोटीवरून सोडायच्या, हे तुम्ही तिला कधीतरी सांगून ठेवलं होतं. मी तिच्याबरोबर गेले. गुडघे त्या दिवशी दुखले नाहीत. गाडी खरंच दारापर्यंत गेली. जासईला ट्रेलरची रांग नव्हती, पाऊण तास लागला. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, आणि अंतर पाऊण तासाचं होतं.

वास होता. खोटं कशाला लिहू. समोर बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत होते. मी पदर नाकाशी नेणार होते, पण मेधा बघत होती म्हणून नेला नाही. मग तुमच्या आईंशेजारी चटईवर बसले. कुणीतरी पाणी आणून दिलं, ते प्यायले. थोड्या वेळाने लक्षात आलं की वास जाणवेनासा झालाय. पाचेक मिनिटं गेली असतील. एवढाच वेळ लागणार होता.

तुमच्या आई रडत नव्हत्या. माझा हात हातात घेऊन बसल्या होत्या. त्यांचा हात खरखरीत आणि गरम होता. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "मी फार उशिरा आले."

"आल्यात ना," त्या म्हणाल्या. "तुमचं गुडगं दुकतात, हरेस सांगायचा. आमी कंदी राग नाय धरला."

मग म्हणाल्या, "माजा पोर तुमचं लय सांगायचा. म्हनायचा, आय, तिकडं पाय ठेवला का गरम पानी काडलेलं असतं. साबन नवा, टावेल नवा. सासूबाई बोलते, आदी आंगोल करा, परवासानं दमलाव. मी सगल्या गावाला सांगतं, माज्या लेकाला आयसारखी सासू गावली."

मेधा उठून बाहेर गेली. मी तिथेच बसून राहिले. माझा हात त्यांच्या हातात होता, तो मला सोडवून घेता येत नव्हता.

हरेशराव, तुम्ही हे का केलंत? मला वाचवण्यासाठी, की त्यांना? तुम्ही माझं वागणं घेतलंत, त्याची घाण धुवून काढलीत आणि ते माया म्हणून तुमच्या आईच्या ओंजळीत ठेवलंत. वर्षानुवर्षं, दर खेपेला. तुमच्याशी भांडायला हवं होतं मी या गोष्टीवरून. तुम्ही एकदा तरी चिडायला हवं होतं. बादली लाथाडायला हवी होती. मला वाटतं, तुम्ही चिडला असतात तर मी सुधारले असते. पण हेही पुन्हा तुमच्यावरच ढकलणं झालं. ते मी खोडत नाही. मुलांना दिसू दे, आजी कशी विचार करते.

निघताना मी त्यांना म्हटलं, "पनवेलला या. माझ्याकडे राहायला या." आजवर एकदाही म्हटलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "येन ना. आता कोन हाय तुमाला-आमाला." आणि मी पायऱ्या उतरताना मागून सांगितलं, "घरी गेल्यावर आंगोल करा हां. दुकाच्या घरी आल्यात."

रीत आहे ती. आमच्याकडेही आहे. त्यांनी मला रीत सांगितली, बाकी काही नाही.

घरी आल्यावर मेधाने विचारलं, "गिझर लावू?" मी नको म्हटलं. रीत मोडली. त्याच साडीत स्वयंपाक केला, त्याच साडीत जेवले. यात काही मोठं केलं असं मी मानत नाही. जे केलं त्याची ही भरपाई नव्हे. माझ्याने अंघोळ करवेना, एवढंच.

तुमच्या आई पुढच्या महिन्यात येत आहेत. आठ दिवस राहणार आहेत. चुलतभाऊ सोडायला येईल. मी नेहमीसारखी यादी करायला घेतली आणि पहिल्याच ओळीशी अडले. पाणी काढायचं की नाही? काढलं, तर ती तीच बादली. नाही काढलं, तर मुलाने इतकी वर्षं वर्णन केलेलं गरम पाणी कुठे आहे, असं त्यांना वाटेल, आणि त्या बोलणारही नाहीत. तीन दिवस मी विचार केला. तुम्ही सांभाळलेलं खोटं तसंच ठेवावं, म्हातारीला का दुखवावं, असंही मन सांगतं. पण हे मन माझंच आहे, आणि त्याला नेहमी माझ्याच सोयीचं सुचतं.

सई, नील, हे तुम्ही करंज्याच्या आजीला फोनवर सांगू नका. ते काम माझं आहे. सई, तू सात वर्षांची असताना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर वर आलं आहे. तुझ्या बाबांनी दिलेलं उत्तर खोटं होतं आणि माझं खरं आहे. पण दोघांतलं चांगलं माणूस कोण, हे त्यावरून ठरवू नकोस.

हरेशराव, मी असं ठरवलंय. पाणी काढीन. साबणाची नवी वडी ठेवीन आणि निळ्या काठाचा तुमचा टॉवेल. मग त्यांना खुर्चीवर बसवून, आधी प्यायला पाणी देऊन, ती बादली कशासाठी भरली जायची ते सांगेन. सगळं, शिपिंगसकट. त्यानंतर त्या पाण्याने अंघोळ करायची, की ते मोरीत ओतून द्यायचं, की माझ्या अंगावर, ते त्यांनी ठरवावं.